पहिली पंगत, टेबल सत्तेचाळीस

१

जहाजावर जेवायचं कसं, हे खारूच्या आईने घर सोडण्याआधीच पाठ करून टाकलं होतं. माहितीपुस्तिकेतलं ते पान तिने इतक्यांदा उलगडलं की घडीवर ते फाटायला आलं. जेवणघरं तीन: एक जंगलाचं, एक समुद्रतळाचं, एक आभाळाचं. रोज संध्याकाळी जेवणघर बदलायचं, पण टेबलाचा नंबर तोच, सत्तेचाळीस. आणि वाढणारा वेटरही तोच. तुम्ही जंगलातून समुद्रात जा, तो तुमच्या आधी तिथे हजर. मुलांना रोज काहीतरी नवं दिसतं आणि ओळखीचा चेहराही सुटत नाही, असं पुस्तिकेत म्हटलं होतं. वेळा दोन, पावणेसहा आणि सव्वाआठ. नवऱ्याने लगेच त्यांची नावं पाडली, पहिली पंगत आणि दुसरी पंगत. पाच वर्षांची पोर बरोबर म्हटल्यावर यांची पहिली.

पोरीचं खारू हे नावही बाबाचंच. घास गालात धरून तासभर बसायची तिची हातोटी खारीलाही शिकवणी देईल अशी होती. एक वाटी भात संपायला गोष्टीतले तीन राजे आणि दोन राक्षस खर्ची पडत. प्रत्येक चमचा आधी आईच्या ओठाला लागायचा, गरम आहे का बघायला, आणि मग खारूच्या तोंडात. खाताना खारूचा एक हात आईच्या कानाच्या पाळीवर. दुसऱ्या हातात उशीच्या जुन्या अभ्र्याची चिंधी. आई स्वतःही काही कमी नव्हती. झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली रात्रीतून दोनदा बोट धरून श्वास बघणारी बाई ती. हे अति आहे हे तिला कळायचं. कळलं म्हणून बोट थांबायचं नाही, एवढंच.

आणि म्हणूनच तो फॉर्म.

जहाजवाल्यांनी दोन महिने आधी तो पाठवला होता. घरातल्या प्रत्येकासाठी एक ओळ, त्यात खाण्याच्या सवयी आणि स्वभाव लिहायचा, म्हणजे वेटरला तयारी करता येते. ती भरायला बसली आणि नेमक्या तेव्हाच नणंदबाई आल्या. चष्मा कपाळावर चढवून शेजारीच बसल्या. नणंदबाईंची दोन्ही मुलं पानात शीत टाकत नाहीत, हे घरादाराला तोंडपाठ होतं. त्यांच्या नजरेखाली ‘भरवावं लागतं, गोष्ट सांगावी लागते, गालात धरते’ हे लिहायला हात धजेना. तिने लिहिलं: सगळं खाते. स्वतःच्या हाताने खाते. हट्ट करत नाही. नवऱ्याच्या ओळीत ‘जे वाढाल ते खातो’. तिथे खोटं लिहायची गरजच पडली नाही. आणि मग, एकदा खोटं बोलायला लागल्यावर हात कशाला आखडता घ्या, म्हणून स्वतःच्या ओळीत: शांत. कशाची काळजी करत नाही.

नणंदबाई वाकून वाचत म्हणाल्या, “ही कोण गं? आम्हाला कधी भेटली नाही.”

दोघी हसल्या. त्या गेल्या की नीट लिहू, असं तिने ठरवलं होतं. पण हसता हसता नणंदबाईंनीच बटण दाबून फॉर्म पाठवून दिला होता.

२

पहिल्या संध्याकाळी जंगल. छताला कापडी वेली, भिंतीत कुठेतरी लपवलेल्या स्पीकरातून पाखरं, आणि टेबलांमधून हात हलवत फिरणारा टोपी घातलेला कप्तान हत्ती. सत्तेचाळीस नंबर एका खांबाला टेकून होता. वेटर मध्यम वयाचा, नीट भांग पाडलेला, चालताना पावलांचा आवाज न करणारा.

खारूने तिच्या लौकिकाला साजेसंच केलं. सूप बघून तोंड फिरवलं, वाटाणे ताटाच्या काठाने एका रांगेत मांडले, भाताचा एक घास गालात धरला आणि चिंधी घेऊन टेबलाखाली गेली. आई तिच्यामागे टेबलाखाली. तिथून तिला वेटरचे बूट दिसत होते, शेजारी येऊन थांबलेले, आणि बराच वेळ न हललेले.

ती केस सारखे करत वर आली तेव्हा वेटरच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. तो कागदाकडे बघत होता, मग टेबलाखाली, मग पुन्हा कागदाकडे. मागवलेलं एक आणि पेटीतून निघालेलं दुसरं, अशा वेळी दुकानदार बघतो तसा. मग त्याने तिच्याकडेही तसंच बघितलं, तिच्या विस्कटलेल्या केसांकडे, हातातल्या चमच्याकडे.

“आमच्याकडून चूक झालेली दिसते, मॅडम,” तो अगदी नम्रपणे म्हणाला. “उद्यापर्यंत ठीक होईल.”

तिला वाटलं, सूप गार होतं त्याबद्दल बोलतोय. उलट तिनेच त्याची माफी मागितली.

३

दुसऱ्या संध्याकाळी समुद्रतळ. निळा उजेड, काचेमागे कागदी मासे, आणि बुडबुड्यांचा न थांबणारा आवाज. खारूच्या आईने पर्समध्ये बिस्किटं भरून आणली होती, तीन राजांची उजळणीही करून ठेवली होती.

दोन्हींची गरज पडली नाही. खारूने मांडीवर रुमाल पसरला. चमचा उचलला. सूप संपवलं, पाव संपवला, मासा काटे बाजूला काढून संपवला, आणि वाटाणे. वाटाणे एकेक करून नाही, चमच्याने, आपण खातो तसे.

“समुद्राची हवा,” नवरा म्हणाला, आणि स्वतःचं ताट पुढे ओढलं.

आईने फोटो काढला आणि लगोलग नणंदबाईंना पाठवला. अशी संधी जन्मात एकदा. उत्तरही लगेच आलं: बघ, मी सांगत नव्हते, भूक लागली की खातात पोरं. मग तिने खारूला आ करायला सांगितलं. खारूने आ केला. दोन्ही गाल रिकामे. तोंड उघडं ठेवून मुलगी आईकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. बंदरावर सामान तपासणाऱ्याकडे भले प्रवासी बघतात, तसं बघणं होतं ते. तपासा, आमच्याकडे काही नाही.

सकाळी जाग आली तेव्हा खारूच्या आईला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाहेर पडल्यावर किल्ली घरात राहिल्यासारखं. बराच वेळ आठवल्यावर तिला कळलं की रात्री ती एकदाही उठली नव्हती. नाकाखाली बोट धरायचं राहून गेलं होतं. सलग आठ तास झोप. आरशात चेहरा असा ताजातवाना की स्वतःलाच ‘या, बसा’ म्हणावं.

४

तिसऱ्या दिवशी तिने नीट विचार करायचा ठरवला. शिकलेली बाई, भूतबाधा वगैरे मनात आणणं तिला शोभणारं नव्हतं. डेकवरच्या खुर्चीत बसून तिने काय काय बदललंय ते स्वतःशी मांडलं. मुलगी जेवते. गोष्ट मागत नाही. झोपताना कानाची पाळी धरत नाही. पाण्याच्या घसरगुंडीवर रांगेत उभी राहते आणि आपला नंबर आल्यावर शहाण्यासारखी घसरते. यातल्या एकाही गोष्टीची कुणाकडे तक्रार करता येण्यासारखी नव्हती.

तरी तिने नवऱ्याकडे केली. त्याने पुस्तकातून डोकं वर न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पाच वर्षं रडलीस की खात नाही. आता रडतेस की खाते.”

“मी रडत नाहीये,” ती म्हणाली.

आणि तेच खरं होतं. ती रडत नव्हती. छातीत धडधडत नव्हतं, तळहाताला घाम नव्हता. ही घाबरायची वेळ आहे हे तिला स्वच्छ कळत होतं. भीती मात्र येत नव्हती. वेळ देऊनही न आलेल्या पाहुण्याची वाट बघावी, तशी ती भीतीची वाट बघत बसली. समोर समुद्र चकाकत होता. छान वाटत होतं.

मध्येच तिला पिवळ्या बटणांचा सदरा घालावासा वाटला. तिने तो स्वतः घडी करून बॅगेत ठेवला होता. बॅग तीनदा उलटीपालटी केली. सदरा नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळचं आभाळ म्हणजे काळ्या छतात बारीक दिव्यांच्या चांदण्या आणि मंद वाजणारी कसली तरी घंटा. मुलीने सगळं खाल्लं. वेटरने ताटं उचलताना खारूच्या आईकडे बघून मान हलवली. आता जमलं, अशा अर्थाची. खोलीवर परत आल्यावर तिच्या लक्षात आलं, चिंधी कुठे आहे?

“राहिली असेल टेबलावर,” मुलगी म्हणाली. ती पलंगावर बसून स्वतःचे बूट काढत होती, नाडी सोडवून, एकेक. “राहू दे.”

जन्मल्यापासून एक रात्र त्या चिंधीशिवाय गेली नव्हती. एकदा ती धुवायला टाकली तर सगळी आळी जागी झाली होती. “मी घेऊन येते,” आई म्हणाली, आणि नवऱ्याला तिच्यापाशी बसवून निघाली. साडेआठ वाजले होते.

५

आभाळाच्या दाराशी मुख्य वेटर उभा होता. आत दुसरी पंगत रंगात आली होती. चमच्यांचा, खुर्च्यांचा, पोरांच्या हसण्याचा कालवा. त्याने अदबीने अडवलं. आपली वेळ पावणेसहाची, या वेळेला त्या टेबलावर दुसरे लोक असतात. काही विसरलं असेल तर सकाळी खोलीवर पोचतं होईल. खारूच्या आईने मान डोलावली. परत फिरताना, सहज, तिने त्याच्या खांद्यावरून खांबाकडे बघितलं.

सत्तेचाळीसवर दोघीच होत्या. तिसरी खुर्ची रिकामी.

मुलगी दिव्याखाली होती. एक गाल टम्म फुगलेला. ताटाच्या काठाने वाटाण्यांची रांग. तिच्याकडे वाकलेली बाई पाठमोरी होती. ती बोलत होती, सारखी बोलत होती. आवाज इथवर येत नव्हता, पण दोन्ही हात पसरून तिने केवढातरी मोठा राक्षस दाखवला, मग चमचा उचलला, आपल्या ओठाला लावला, फुंकर मारली. मुलीने डोकं मागे घेतलं. बाईने चमचा खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुलीचा हात वर गेला, बाईच्या केसांमागे, आणि तिथे कानाची पाळी चाचपून तिला धरून राहिला. मांडीवर काहीतरी पांढरं, चुरगळलेलं.

बाई चमच्यासाठी थोडी वळली तेव्हा बाहीवरची बटणं दिसली. पिवळी.

शेजारी पाण्याचा जग घेऊन वेटर उभा होता. त्याने वर बघितलं. दारातली खारूची आई त्याला दिसली, आणि जेवता जेवता पाटावरून उठणाऱ्या मुलाला दटावावं तशी त्याने किंचित मान हलवली. नाही.

ती परत आली. पळत नाही. ती जिना नीट उतरली, कठड्याला हात लावून. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला वाट दिली, वर हसलीही. आणि त्या रात्री तिला झोप लागली. पुढे आयुष्यभर तिला टोचत राहील असं काही असेल, तर ते हे.

६

सकाळी तिने स्वतःला समजावलं की पाठमोऱ्या बाया सगळ्या सारख्याच दिसतात. पिवळी बटणं काय, कारखान्यात हजारांनी निघतात. पोरं तर सगळीकडेच खात नाहीत; नणंदबाईंची सोडून. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिने ते पटवूनही घेतलं असतं.

पण नाश्त्याला, मुलगी समोर अंडं खात असताना, तिने मनातल्या मनात गोष्ट म्हणून बघितली. पहिला राजा हत्तीवरून येतो. दुसरा राजा नावेतून येतो. तिसरा राजा.

तिसरा राजा कशावरून येतो ते तिला आठवेना. रोज दोन वेळा, तीन वर्षं सांगितलेली गोष्ट. तिने स्वतःच रचलेली.

तिने नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “मला काय माहीत? तो यायच्या आधीच मला झोप लागते.” मग तिने मुलीला विचारलं. मुलीने तोंडातला घास संपवला, ओठ पुसले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “मला ही गोष्ट तू कधी सांगितलीच नाहीस.”

तिथे, पावाला लोणी लावता लावता, खारूच्या आईला जे कळायचं ते कळलं. आपली लेक कुठेतरी जेवायची थांबलेली आहे, हे एक. ती एकटी नाही, हे दुसरं. हायसं वाटण्यासारखं म्हणाल तर हे दुसरंच होतं. पण मग इथे बसून पावाला लोणी कोण लावतंय, हा प्रश्न तिने काही वेळ ताटातच राहू दिला.

७

चौथ्या, शेवटच्या संध्याकाळी पुन्हा जंगल. तीन जेवणघरं आणि चार संध्याकाळी, म्हणजे पहिलं परत येतंच. तीच पाखरं, त्याच क्रमाने. गोड आणताना वेटरने ताटलीबरोबर एक कागद ठेवला. तिचाच फॉर्म. तिनेच निवडलेले शब्द, छापून आलेले.

“लिहिल्याप्रमाणे सगळं मिळालं ना, मॅडम? खाली एक सही. उद्या उतरताना पहिली पंगत आधी उतरते.”

पंगत हा शब्द नवऱ्याचा. वेटरने तो कधी उचलला, तिला आठवेना. तिने विचारलं, “आणि दुसरी?”

“या टेबलाची दुसरी उतरत नाही,” तो म्हणाला. सरबतात बर्फ मिळत नाही म्हणावं, इतक्या साधेपणाने. “त्यांची सोय इथेच असते.”

नवरा कप्तान हत्तीबरोबर फोटो काढून घ्यायला रांगेत उभा होता, स्वतःसाठीच. मुलगी पुडिंग खात होती. खारूच्या आईने कागद स्वतःकडे ओढला.

“दुरुस्ती चालते?”

“सहीच्या आधी चालते. ओळ प्रत्येकाची वेगळी. जी खोडाल तेवढीच बदलेल.”

त्याने पेन पुढे केलं. तिने मुलीच्या ओळीवर टोक टेकवलं, तेव्हा समोरचा चमचा थांबला.

“आई,” मुलगी म्हणाली. आवाज खालचा, शहाणा. “माझी ओळ राहू दे ना. मी सगळं खाते.”

खारूच्या आईने वर बघितलं. चेहरा तोच. कपाळावरचा पडल्याचा व्रणही तोच. डोळ्यांत पाणी नव्हतं. मुलगी फक्त वाट बघत होती, आता काय होतंय याची. मुलीने पुन्हा विचारलं नाही. हट्ट करत नव्हती ती. तसं लिहिलंच होतं.

आईने ओळ खोडली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: खात नाही. भरवावं लागतं. गालात धरते. गोष्ट हवी. कान हवा. चिंधी हवी. रडते.

मग तिसरी ओळ. शांत. कशाची काळजी करत नाही.

ती तशीच ठेवता आली असती. खारू परत आली असती, तिसरा राजा माहीत नसलेल्या आईकडे. रात्रभर गाढ झोपणाऱ्या आईकडे. आणि ती दुसरी, पिवळ्या बटणांची, चमच्यावर फुंकर मारत बसली असती रिकाम्या खुर्चीसमोर, रोज सव्वाआठला, जेवणघर बदलत. आणि खोडली, तर पुसलं जाणार कोण? हेही तिला कळत होतं. तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. पेन धरलेला हात जराही कापत नव्हता. कापरा हात असता तर हे कदाचित जमलंही नसतं, असं तिला वाटलं. शांत माणसाचा एवढा तरी उपयोग.

तिने ओळ खोडली. सरळ, एका रेघेत. वर लिहिलं: सगळ्याची काळजी करते. आणि सही.

सहीतलं शेवटचं अक्षर वेडंवाकडं गेलं.

८

सकाळी उतरणाऱ्यांच्या रांगेत खारूच्या आईने बॅगा चारदा मोजल्या. अंगात पिवळ्या बटणांचा सदरा होता, बाहीवर सुपाचा वाळलेला डाग. घसा पार बसला होता. बोलायला गेलं की नुसती खरखर. नवरा म्हणाला, गार वारं लागलं. तिने मान हलवली. चार दिवसांत तिने मुलीला एकही गोष्ट सांगितली नव्हती, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि तिसरा राजा बेडकावरून येतो, तीनदा खाली पडतो, आणि प्रत्येक वेळी खारू हसते तेव्हाच घास आत सरकवायचा असतो, हेही आठवत होतं. तीन संध्याकाळी, तिन्ही जेवणघरांत. वेलींखाली सगळ्यात शेवटी.

खारू कडेवर होती. एवढी मोठी पोर, पण खाली उतरायला तयार नव्हती. नाश्त्याचा पाव अजून गालात होता. एक हात आईच्या कानावर, जरा जास्तच घट्ट.

“झालं का पुन्हा सुरू?” नवरा तिच्या गालाकडे बघत म्हणाला. “संपली वाटतं समुद्राची हवा.”

शिडीच्या मध्यावर आई थांबली. बघायचं नाही असं ठरवलं होतं. वरच्या मजल्यावर जेवणघराच्या गोल खिडक्या होत्या, ओळीने. एकीत नीट भांग पाडलेलं डोकं हललं. वेटर टेबल मांडत होता. तो वाकला, एक खुर्ची मागे ओढली, कुणीतरी बसेपर्यंत थांबला, आणि मग ती पुढे सरकवली. खिडकीच्या खालच्या कडेला एक लहानसा हात आला. त्याने रुमाल झटकला, उलगडला, आणि कुणी न सांगता मांडीवर पसरायला खाली नेला. शेजारच्या खुर्चीतली सावली आरामात मागे टेकून बसली होती. तिला कसलीच घाई नव्हती.

“चल की,” मागून कोणीतरी म्हणालं.

गाडीत बसल्यावर नणंदबाईंचा फोन आला. आता सगळं खाते ना गं, त्यांनी विचारलं. फोटो त्यांनी घरात सगळ्यांना दाखवला होता. “नाही ताई,” ती खरखरत्या आवाजात म्हणाली, “खात नाही. कधीच खात नव्हती. मी खोटं लिहिलं होतं.” नणंदबाई म्हणाल्या, अगं, मग फोटोत ही कोण?

तिने फोन ठेवला आणि फोटो उघडला. निळा उजेड, कागदी मासे, मांडीवर रुमाल. पुसून टाकायचा म्हणून अंगठा नेला. बराच वेळ तो तसाच वर कापत राहिला. चमचा अर्ध्या वाटेत धरून ती मुलगी ताटाकडे बघत नव्हती, समोर बघत होती, फोटो काढणाऱ्या आईकडे. आपण सगळं नीट करतोय ना, एवढंच विचारत असल्यासारखी.

मांडीवरची खारू चुळबुळली. गालातला घास तिने या गालातून त्या गालात नेला.

“आई,” ती तोंड न उघडता म्हणाली, “ती तिथे राहिली ना?”